बागेतल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कुणाकुणाला माहितीये?

तासगावजवळ मामांची द्राक्षबाग आहे. औषधं आणि मोटारीची केबल चोरीला जायला लागली म्हणून मागच्या सीझनला तिथं चार कॅमेरे बसवले. परवा गेलो तर शेडमध्ये डीव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) मार्करनं ठळक लिहिलेलं, अ‍ॅडमिन आणि खाली 123456. मामा म्हणाले, "बसवणाऱ्या पोरानं लिहून दिलंय, विसरायला नको म्हणून. त्याच्या मोबाईलवर पण दिसतंय, काय बिघडलं तर तो सांगलीतनंच बघतो की." म्हणजे मामी डबा घेऊन कधी येते, बंगल्याला कुलूप कधी असतं, हे सगळं एका तिसऱ्याच माणसाच्या खिशात, आणि आठ महिने कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कॅमेरा, डीव्हीआर, वायफायचा राउटर हे सगळे छोटे कॉम्प्युटरच आहेत, आतमध्ये बहुतेक लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीमच चालते. 2016 साली मिराई नावाचा एक व्हायरस आला (जपानीत मिराई म्हणजे भविष्य), तो इंटरनेटवर दिसेल त्या पत्त्याचं दार ठोठावायचा आणि कंपनीनंच घालून दिलेले साठेक नाव-पासवर्ड एकेक करून लावून बघायचा, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, रूट-123456 असले, एखादा लागला की मशीन त्याचं. हॅकिंगची काही मोठी विद्या नाही त्यात, नुसता किल्ल्यांचा जुडगा. असे लाखो कॅमेरे आणि राउटर गोळा झाले आणि 21 ऑक्टोबर 2016 ला त्यांनी डाइन (Dyn) नावाच्या अमेरिकन कंपनीवर एकदम मारा केला. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून द्यायचं काम ही कंपनी करायची, तीच गुदमरली, त्यामुळं ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट कित्येक तास नीट उघडेनात. आणि ज्यांचे कॅमेरे होते त्यांना पत्ताच नाही, कारण कॅमेरा चालूच होता, चित्र दिसतच होतं!

मिराई फक्त तात्पुरत्या मेमरीत राहायचा, लाईट जाऊन आली की साफ. पण पासवर्ड तोच असेल तर थोड्या वेळात परत हजर. म्हणून बंद-चालू करून भागत नाही, पासवर्ड बदलावाच लागतो. ब्रिटननं तर 29 एप्रिल 2024 पासून असे सोपे, सगळ्यांना सारखे पासवर्ड घालून माल विकायलाच बंदी केलीये, मला ते फार पटतं, कारण शेतकऱ्यानं काय काय लक्षात ठेवायचं?

अजून एक गोष्ट, बऱ्याच अ‍ॅपमध्ये कॅमेरा ज्याच्या अकाउंटला पहिल्यांदा जोडला त्याचाच राहतो, त्यामुळं नुसता डीव्हीआरचा पासवर्ड बदलला तरी त्या पोराला दिसतच राहणार. त्याला फोन लावला, त्यानं लगेच स्वतःच्या अकाउंटमधनं काढून टाकला, मग मामांच्या नंबरवर जोडला, नवा लांबलचक पासवर्ड मामीच्या वहीत लिहिला. तेवढ्यात मामी म्हणाली, तीन नंबरचा कॅमेरा मजुरांच्या खोपीकडं तोंड करून आहे, बायका तिथंच आंघोळीला जातात. शिडी लावली आणि तो गेटकडं फिरवला.