टंचाईचा आकडा म्हणजे बेघरांचा आकडा नव्हे
‘शहरांत १.८८ कोटी घरांची टंचाई, म्हणजे तितकी कुटुंबं रस्त्यावर. बिल्डरांना मोकळीक द्या, टॉवर उभे राहिले की प्रश्न मिटला,’ असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. हे खरं नाही.

हा अंदाज २०१२ साली केंद्राच्या तांत्रिक गटाने दिला. त्यात बेघर कुटुंबं होती जेमतेम ५.३ लाख. जवळपास दीड कोटी कुटुंबांना छप्पर होतं, पण जागा पुरत नव्हती. विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नसेल, तर ते घरही टंचाईतच मोजलेलं आहे. एकच खोली, मधे जुन्या साडीचा पडदा, पलीकडे सासू-सासरे, दीर गॅलरीत झोपलेला: टंचाई ती ही.

शिवाय ९५ टक्क्यांहून अधिक टंचाई दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतली. टूबीएचके कितीही बांधा, ते यांच्या आवाक्यात येत नाहीत. २०११च्या जनगणनेत शहरांत सुमारे १.१ कोटी घरं रिकामी सापडली! काही गुंतवणुकीची, काही ‘भाडेकरू जागा सोडणार नाही’ या धास्तीने कुलूपबंद. म्हणूनच मला टॉवरपेक्षा स्वस्त भाड्याची घरं निकडीची वाटतात, आणि तीही कामाच्या ठिकाणाजवळ.