पटावर खऱ्यासारखं अंतराळयुद्ध खेळायला कॅल्क्युलेटर लागत नाही

'वास्तववादी ताफायुद्ध म्हणजे त्रिमिती आणि त्रिकोणमिती' हा जुनाच गैरसमज. खरेपणा येतो जडत्वातून: इंजिन बंद केलं तरी जहाज त्याच वेगाने पुढे जातच राहतं. हे १९७८च्या 'मेडे' या पटावरच्या खेळाने नुसत्या सोंगट्यांवर साधलं होतं.

दर जहाजाला तीन रंगांची तीन बटणं घ्या: मागची जागा, आताची, पुढची. मागच्यापासून आताची जितकी लांब, तितक्याच अंतरावर, त्याच दिशेला पुढचं बटण ठेवा. मग इंजिनाचा जोर असेल तितके षटकोन (पटावरची सहा बाजूंची घरं) पुढचं बटण हवं तिकडे हलवा. झाली चाल. आकडेमोड शून्य.

घोळ होतो तो जागेचा. मुंबईच्या वन-बीएचकेत पट म्हणजे बहुधा उलटा केलेला कॅरम बोर्ड. ७४ सेंटीमीटरवर २ सेंटीमीटरचे ३७ षटकोन. जोर २ असेल तर पाच चालींत वेग १० आणि ३० षटकोन पार. थांबायला आणखी २० हवेत. जहाज पलंगाखाली! अशा वेळी सगळ्यांची सगळी बटणं एकाच दिशेला सारखीच सरकवा. सापेक्ष अंतरं बदलत नाहीत, म्हणजे लढाईही बदलत नाही.

त्रिमिती एकास एक झुंजीत ठीक. बारा जहाजांच्या ताफ्यात उंची नोंदवण्यातच रविवार सरतो.