शिधापत्रिका आहे, पण धान्य मिळत नाही : अन्न सुरक्षा योजनेत नाव समाविष्ट करण्याची प्रक्रिया

घरात केशरी शिधापत्रिका आहे, उत्पन्न तुटपुंजे आहे आणि तरीही रास्त भाव दुकानदार ‘तुमचे नाव ऑनलाइन दिसत नाही’ असे सांगून परत पाठवतो, ही तक्रार महाराष्ट्रातल्या तहसील कार्यालयांच्या पुरवठा शाखेत नेहमीची आहे. याचे कारण असे की शिधापत्रिका असणे आणि धान्याचा लाभार्थी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिवळा, केशरी किंवा पांढरा रंग हा शिधापत्रिकेचा प्रकार सांगतो. धान्य मात्र राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ खालील ‘अंत्योदय’ किंवा ‘प्राधान्य कुटुंब’ या दोन यादींत नाव असेल तरच मिळते. आपल्या राज्यात हा कायदा १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्या वेळी ज्या केशरी कार्डधारकांचा समावेश राहून गेला, किंवा ज्यांची परिस्थिती नंतर खालावली, त्यांना स्वतः अर्ज करावा लागतो. हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

हा अर्ज करण्यासारखा का आहे, याचा हिशेब आधी पाहू. प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते पूर्णपणे मोफत आहे. १ जानेवारी २०२४ पासून ही मोफत व्यवस्था पुढील पाच वर्षांसाठी वाढवण्यात आली आहे. पाच माणसांच्या घरात महिन्याला २५ किलो गहू-तांदूळ येतो. बाजारात किलोला सरासरी चाळीस रुपये धरले तर हजार रुपये वाचतात. रोजचे माणशी प्रमाण मात्र जेमतेम १६५ ग्रॅम पडते, त्यामुळे सगळी भूक त्यात भागत नाही आणि नुसत्या भात-पोळीवर मुलांचे पोषण तर मुळीच होत नाही. म्हणून वाचलेल्या रकमेतून तूरडाळ, मटकी, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी आणता आली, तरच या योजनेचा खरा उपयोग होतो. ज्या महिन्यात दुकानात गव्हाऐवजी ज्वारी येते त्या महिन्यात अनेक जण ती नाकारतात किंवा विकून टाकतात. वास्तविक भाकरी आणि एखादी कडधान्याची उसळ हे कमी खर्चातले उत्तम जेवण आहे. रेशनच्या तांदळात काही दाणे किंचित पिवळसर किंवा वेगळे दिसले तर ते प्लास्टिकचे समजून निवडून टाकू नयेत. लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून तयार केलेले हे दाणे असतात व ते रक्तक्षय टाळण्यासाठीच घातलेले असतात.

पात्रता

प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि शहरी भागात ५९,००० रुपये आहे. शहरात महिन्याला पाच हजारांच्या आत सगळे घर चालवणारे कुटुंब, असा याचा अर्थ होतो. ही मर्यादा आजच्या महागाईत फार कमी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु अर्ज करताना तीच लागू धरावी लागते. केशरी शिधापत्रिका स्वतः १५,००१ ते १ लाख रुपये उत्पन्न असलेल्यांना मिळते, टॅक्सीचालक वगळता घरात कुणाकडे चारचाकी यांत्रिक वाहन नसावे आणि कुटुंबाकडे चार हेक्टर किंवा त्याहून अधिक बागायती जमीन नसावी, अशा तिच्या अटी आहेत. म्हणजे एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या प्रत्येक केशरी कार्डधारकाला धान्य मिळेलच असे नाही.

अंत्योदय योजना गरिबांतल्या गरिबांसाठी आहे. भूमिहीन शेतमजूर, अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर, विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रासलेले, आधार नसलेले साठ वर्षांवरील वृद्ध यांची कुटुंबे तिच्यात येतात, तसेच कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आदिम जमातींची कुटुंबेही. इथे धान्य माणशी नसून दर कार्डाला महिन्याला ३५ किलो असते. एकट्या वृद्धेला किंवा दोघा-तिघांच्या घराला यात मोठा आधार मिळतो. मात्र घरात सातपेक्षा अधिक माणसे असतील तर माणशी हिशेबाने प्राधान्य योजनेत जास्त धान्य पडते, हे योजना बदलून मागण्याआधी मोजून पाहावे.

कागदपत्रे आणि अर्ज

अर्ज ग्रामीण भागात तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, पुणे-नागपूरसारख्या शहरांत अन्नधान्य वितरण अधिकाऱ्यांकडे आणि मुंबई-ठाणे क्षेत्रात आपल्या विभागाच्या शिधावाटप कार्यालयात करायचा असतो. अन्न व नागरी पुरवठा विभागाच्या महाफूड संकेतस्थळावर नागरिकांना स्वतः खाते उघडूनही अर्ज भरता येतो, किंवा जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रातून तो भरून घेता येतो. नवीन शिधापत्रिकेसाठी नमुना १, नाव वाढवण्यासाठी नमुना ८ आणि नाव कमी करण्यासाठी नमुना ९ वापरला जातो. ज्यांच्याकडे केशरी कार्ड आधीच आहे आणि फक्त धान्याच्या यादीत समावेश हवा आहे, त्यांनी नवीन कार्डाचा अर्ज करू नये; अन्न सुरक्षा योजनेत समावेशासाठी लेखी अर्ज, उत्पन्नाचे हमीपत्र आणि सर्वांची आधार कार्डे जोडून द्यावीत.

सोबत कुटुंबातील प्रत्येकाच्या आधार कार्डाची प्रत, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा म्हणून वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार, कुटुंबप्रमुख महिलेचे छायाचित्र आणि तिच्या बँक पासबुकाचे पहिले पान लागते. कायद्याप्रमाणे कुटुंबप्रमुख म्हणून घरातील १८ वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीचेच नाव घातले जाते, त्यामुळे अर्ज पुरुषाच्या नावाने भरून नेल्यास तो परत येण्याची शक्यता असते. आधार कार्डावरचे नाव, उत्पन्नाच्या दाखल्यावरचे नाव आणि जुन्या शिधापत्रिकेवरचे नाव यांतला काना-मात्रेचा फरकसुद्धा अर्ज अडकवतो, म्हणून दाखला काढतानाच आधारवरचे शब्दलेखन जसेच्या तसे लिहून घ्यावे.

सर्वाधिक नुकसान होते ते सून आणि तान्ही मुले यांच्या बाबतीत. लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव माहेरच्या कार्डावर तसेच राहते. तिथे कमी होत नाही तोवर सासरी चढत नाही, कारण एक आधार क्रमांक दोन कार्डांवर चालत नाही. माहेरच्या पुरवठा कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र घेऊन सासरी नमुना ८ भरावा. बाळासाठी जन्मदाखला आणि बाल आधार पुरेसे असतात. दोन वर्षांच्या मुलाचे नाव चढवायचे राहून गेले असेल तर तेवढ्या काळात त्याच्या वाट्याचे १२० किलो धान्य घरात आलेले नाही, आणि ते मागाहून मिळत नाही.

अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. त्यानंतर पुरवठा निरीक्षक किंवा तलाठी यांच्याकडून चौकशी होते. पात्र असूनही लगेच समावेश झाला नाही तर त्यामागे बहुधा ‘इष्टांक’ असतो. केंद्राने महाराष्ट्रासाठी सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरवून दिली असून ती जिल्हावार वाटलेली आहे, त्यामुळे मृत, स्थलांतरित किंवा अपात्र व्यक्तींची नावे कमी झाल्यावरच नवीन नावांना जागा होते. अशा वेळी आपला अर्ज प्रतीक्षेत असल्याचे लेखी घ्यावे आणि जागा झाल्यावर क्रमाने विचार व्हावा, अशी विनंती करावी.

नाव चढल्यानंतर

प्रत्येक सदस्याचे ई-केवायसी झालेले असणे आवश्यक आहे. ते दुकानातील ई-पॉस यंत्रावर मोफत होते, किंवा मोबाइलवर ‘मेरा ई-केवायसी’ या अ‍ॅपमधून चेहऱ्याच्या ओळखीने घरबसल्या करता येते. वीटभट्टी, ऊसतोड किंवा भांडी घासण्याचे काम करणाऱ्यांचे अंगठे झिजलेले असतात आणि यंत्र ते ओळखत नाही. अशांनी डोळ्यांच्या बुबुळाने किंवा ओटीपीने ओळख पटवण्याची मागणी करावी. केवळ अंगठा उमटत नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, अशा केंद्र सरकारच्या २०१७ च्या सूचना आहेत. धान्य घेताना यंत्रातून निघणारी पावती मागावी, तिच्यावर किती किलो गहू आणि किती तांदूळ दिल्याची नोंद आहे ते दुकानातच वाचावे आणि वजन त्याच्याशी ताडून पाहावे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ व्यवस्थेमुळे कामासाठी बाहेरगावी गेलेल्या कुटुंबाला तिथल्या कोणत्याही रास्त भाव दुकानातून आपला वाटा उचलता येतो, आणि काही सदस्य गावी, काही शहरात असतील तर तो विभागूनही घेता येतो. यासाठी कार्ड बदलून घ्यावे लागत नाही, शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक किंवा आधार क्रमांक जवळ असला की पुरते.

रेशनच्या यादीत नाव येईपर्यंत थांबण्याची गरज नसलेले हक्कही याच कायद्यात आहेत. सहा महिने ते सहा वर्षांची बालके, गरोदर स्त्रिया आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत स्तनदा माता यांना अंगणवाडीतून पूरक आहार मोफत मिळतो, त्यासाठी शिधापत्रिका लागत नाही. आधार आणि माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन अंगणवाडी सेविकेकडे नोंद करावी. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण आणि बालकांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी दिली जातात. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत दुपारचे जेवण असतेच. पहिल्या बाळंतपणासाठी मातृवंदना योजनेतून दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात, आणि तिथे पात्रतेच्या पुराव्यांपैकी एक म्हणून अन्न सुरक्षेची शिधापत्रिका चालते.

तक्रारीसाठी १९६७ किंवा १८००-२२-४९५० हे निःशुल्क क्रमांक आहेत. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यानंतर राज्य अन्न आयोग यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. अर्जच फेटाळला गेला असेल तर कारण लेखी मागावे आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे तीस दिवसांच्या आत पहिले अपील करावे. अपिलासोबत पोचपावतीची, फेटाळल्याच्या पत्राची आणि उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत जोडावी.