बीआरएसआर: कोणत्या कंपन्यांना लागू, कोणते कागद लागतात

बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना वार्षिक अहवालात ‘व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल’, म्हणजे बीआरएसआर द्यावा लागतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने १० मे २०२१ च्या परिपत्रकाने हा नमुना आणला आणि २०२२-२३ पासून तो सक्तीचा झाला. इतर सूचिबद्ध कंपन्या तो स्वेच्छेने देऊ शकतात. वेगळा अर्ज नसतो. वार्षिक अहवालासोबतच तो शेअर बाजाराकडे जातो, एक्सबीआरएल या संगणकाला वाचता येणाऱ्या स्वरूपातही.

‘अ’ भागात कंपनीची ओळख आणि मनुष्यबळ, ‘ब’ भागात धोरणे व संचालक मंडळाची देखरेख येते. खरी मेहनत ‘क’ भागाची. तिथे जबाबदार व्यवसायाच्या नऊ तत्त्वांनुसार आकडे द्यायचे असतात. अत्यावश्यक निर्देशक भरावेच लागतात, नेतृत्व निर्देशक ऐच्छिक आहेत. जीआरआय या आंतरराष्ट्रीय शाश्वतता अहवालाच्या किंवा तत्सम चौकटीत आधीच अहवाल देणाऱ्या कंपनीला त्यातल्या माहितीचा संदर्भ देता येतो.

हाताशी ठेवायचे कागद: वीजबिले, डिझेल खरेदीच्या नोंदी, पाणी मीटरची नोंदवही, टँकरची बिले, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र, घातक कचरा पाठवल्याच्या पावत्या, पीएफ-ईएसआयची चलने, अपघात नोंदवही, लैंगिक छळ तक्रार समितीचा वार्षिक अहवाल. हे एप्रिलपासून दरमहा गोळा करा. वर्ष संपल्यावर प्रत्येक कारखान्याकडे मागायला गेलात, तर हाती अंदाजच येतात.

पाणी स्रोतनिहाय दाखवायचे असते: नदी-धरणाचे वेगळे, बोअरचे वेगळे, बाहेरून विकत घेतलेले वेगळे. पाणीटंचाईच्या भागातला कारखाना किती पाणी उचलतो, हा प्रश्न मात्र ऐच्छिक यादीत आहे. तो रिकामा सोडू नका, असे मी आग्रहाने सांगेन. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात गावोगावी टँकर फिरतात, तिथल्या लोकांना हा आकडा कळायलाच हवा.

बीआरएसआर कोअर या निवडक निर्देशकांची त्रयस्थाकडून तपासणीही लागते: २०२५-२६ साठी पहिल्या ५०० कंपन्यांना, २०२६-२७ पासून सर्व १००० कंपन्यांना. तपासणाऱ्याचे कंपनीत हितसंबंध नसावेत. सल्ला देऊन अहवाल लिहून देणाऱ्याकडूनच तो तपासून घेता येत नाही.

एमआयडीसीतल्या छोट्या पुरवठादारांनाही मोठे ग्राहक हेच आकडे विचारू लागले आहेत. त्यांनी निदान वीज, इंधन आणि पाण्याची महिनावार वही आजच सुरू करावी.