पुळणीचा जमाखर्च

समुद्राने किनारा किती खाल्ला हे मोजायचं, तर आधी किनारा म्हणजे कोणती रेषा हे ठरवावं लागतं. उपग्रहचित्रावर बहुधा ओली आणि कोरडी वाळू मिळते ती कड धरतात. जमिनीच्या बाजूला एक आधाररेषा आखायची, तिच्यावर ठरावीक अंतराने काटकोनात रेषा टाकायच्या, प्रत्येक सालची कड त्यांना कुठे छेदते ते पाहायचं आणि सरकलेल्या अंतराला वर्षांनी भागायचं. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या चित्रांवरून असा हिशेब मांडला. देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा झिजतोय. पश्चिम बंगालचा ६०.५, महाराष्ट्राचा २५.५ टक्के.

फसगत होते ती तारखेत. पुळणीचा उतार वीसास एक असेल, तर पाणी मीटरभर चढलं की कड २० मीटर आत येते. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, हिवाळ्यात ती परतते. एका सालचं मे महिन्यातलं चित्र दुसऱ्या सालच्या ऑक्टोबरच्या चित्राशी ताडलं, की नसलेली धूप दिसते. शिवाय वर्षाला अर्धा मीटर धूप म्हणजे २८ वर्षांत १४ मीटर, आणि जुन्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्राचा एक ठिपकाच ३० मीटरचा. म्हणून पुळणीवर जीपीएस घेऊन उतार मोजणं सुटत नाही.

उपाय म्हटलं की आपल्याकडे धूपप्रतिबंधक बंधारा. त्यात तळाला जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं कापड, त्यावर लहान दगड, वर मोठे. खालच्या थरातला दगड वरच्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा. कापड फाटलं किंवा घातलंच नाही, तर लाट दगडांच्या फटींतून खालची वाळू शोषून घेते. पायथा पुरेसा खोल नसला, तर उलटलेली लाट तिथेच खड्डा पाडते. दगड खचतात, वरून नवे टाकले जातात, आणि खर्च दुरुस्तीच्या नावाखाली चालू राहतो. बंधारा जिथे संपतो तिथली पुळण तर आणखी वेगाने जाते.

पुद्दुचेरीचं दुखणं मुळात वेगळंच होतं. १९८० च्या दशकात बंदरासाठी समुद्रात बांध घातले. तिथे वर्षभराचा हिशेब धरला तर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. ती बांधाच्या दक्षिणेला साठली, उत्तरेला शहरापुढची पुळण गेली, दगडी भिंत उभी राहिली. मग धूप सरकली पलीकडे, तमिळनाडूच्या हद्दीतल्या कोळीवस्त्यांकडे. २०१८ मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने शहरापुढे पाण्याखाली पाचरीच्या आकाराचं पोलादी प्रवाळभिंतीसारखं बांधकाम बसवलं: लाट त्यावर फुटते, मागे वाळू थांबते. जोडीला बंदराच्या मुखातला गाळ उपसून पुळणीवर टाकला, आणि वाळू परतली. पण बंदराचे बांध आहेत तिथेच आहेत. उपसा थांबला, की उत्तरेकडे जाणारी वाळू पुन्हा तुटते.