विंडोज होम सर्व्हर आणि बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप

घरातल्या सगळ्या संगणकांचा बॅकअप एकाच पेटीत ठेवायची सोय मायक्रोसॉफ्टने 2007 मध्ये विंडोज होम सर्व्हरच्या रूपात आणली. दहा संगणकांपर्यंतचा बॅकअप रात्री आपोआप होई. चार संगणकांवर तीच फाइल असली तरी सर्व्हरवर ती एकदाच साठे. पण खुद्द सर्व्हरचा बॅकअप बाहेर काढायची सोय पहिल्या आवृत्तीत नव्हतीच. सगळी भिस्त फोल्डर डुप्लिकेशनवर, म्हणजे सर्व्हरमधल्याच दुसऱ्या डिस्कवर ठेवलेल्या प्रतीवर. एक डिस्क गेली तर ती प्रत कामी येई. चोरी झाली, आग लागली किंवा फाइल चुकून डिलीट झाली, तर नाही.

त्याच वर्षाअखेरीस ही उणीव ठळकपणे दिसली. एकाहून अधिक डिस्क असलेल्या सर्व्हरवरची फाइल काही प्रोग्रॅममधून थेट उघडून सेव्ह केली, की ती खराब होऊ शके. दोष होता ड्राइव्ह एक्स्टेंडरमध्ये. सगळ्या डिस्क मिळून एकच साठा दाखवण्याचे काम त्याचे. दुरुस्ती आली जुलै 2008 मध्ये, पॉवर पॅक 1 या अपडेटबरोबर, आणि शेअर्ड फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेण्याची सोयही तेव्हाच मिळाली. यूएसबी 2.0 वर सेकंदाला साधारण 30 एमबी धरले, तर 1 टीबीला नऊ तासांहून जास्त लागत.

या बॅकअपमध्ये सिस्टिम येत नसे आणि संगणकांच्या बॅकअपचा डेटाबेसही येत नसे. सिस्टिम डिस्क गेली की इन्स्टॉलरमध्ये ‘सर्व्हर रीइन्स्टॉलेशन’ निवडायचे. बाकीच्या डिस्कवरचा डेटा त्यात शाबूत राहतो. ‘न्यू इन्स्टॉलेशन’ निवडले तर सगळ्या डिस्क पुसल्या जातात. रीइन्स्टॉलेशनचा पर्यायच दिसत नसेल, तर बहुधा डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क ओळखायला लागणारा प्रोग्रॅम, लोड झालेला नसतो. तिथेच थांबून आधी ड्रायव्हर द्यावा. पुढे गेलात तर डेटा गमावाल. अगदीच अडले, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी: ती साधी एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमधली असते आणि फाइली ‘डीई’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये सापडतात.

2011 च्या आवृत्तीत ड्राइव्ह एक्स्टेंडर काढून टाकला. सिस्टिमचाही बॅकअप मिळू लागला, पण तो व्हीएचडी, म्हणजे आभासी डिस्कच्या फाइलमध्ये, आणि तिची कमाल मर्यादा 2 टीबी. त्याहून मोठे व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र भाग, त्यात घेता येत नसे. शिवाय बॅकअपसाठी दिलेली डिस्क आधी पूर्ण फॉरमॅट होई. तिच्यावर दुसरे काही ठेवले असेल, तर ते आधीच हलवावे लागे.