प्रोग्राम स्वतःलाच खोडतो तेव्हा

लिस्प या संगणकभाषेतला प्रोग्राम पहिल्यांदा पाहणारा कंस बघून बिचकतो. दोन आणि तीनची बेरीज (+ २ ३) अशी लिहायची, आणि तिला चारने गुणायचं असेल तर (* ४ (+ २ ३)). क्रिया आधी, संख्या मागून. याची सवय लवकर होते, आणि कंस जुळवायचं काम एडिटर करतोच. खरी गंमत एका बारीकशा अवतरणचिन्हापाशी आहे.

(+ २ ३) ही लिस्पच्या लेखी तीन घटकांची यादी. यादी दिसली की पहिला घटक फंक्शन समजायचा आणि उरलेले त्याला द्यायचे, एवढा साधा नियम. उत्तर ५. पण आधी अवतरणचिन्ह टाकून '(+ २ ३) लिहिलं, तर हिशेब होत नाही. यादीच जशीच्या तशी हाती येते. म्हणजे प्रोग्राम आणि तो ज्यावर काम करतो ती माहिती, दोन्ही एकाच मालाच्या.

हे असं ठरवून झालं नव्हतं. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचं काम सुरू केलं, तेव्हा याद्या फक्त माहितीसाठी होत्या. प्रोग्राम लिहायला गणितासारखी वेगळी लेखनपद्धत यायची होती. याद्यांच्या रूपातला प्रोग्राम वाचून चालवणारं 'इव्हॅल' हे फंक्शन मॅकार्थींनी कागदावर मांडलं होतं, सिद्धांत म्हणून. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या संगणकावर प्रत्यक्षात उतरवलं. मग प्रोग्रामर याद्यांमध्येच लिहू लागले, आणि ती दुसरी पद्धत मागेच पडली.

आता घोळ पाहू. समजा, एक छोटं फंक्शन लिहिलं: '(१ २) ही यादी घ्यायची, याद्या जोडणारं 'एनकॉन्क' हे फंक्शन वापरून तिच्या शेवटी ३ जोडायचा आणि यादी परत द्यायची. पहिल्यांदा चालवल्यावर (१ २ ३) मिळतं. छान. दुसऱ्यांदा (१ २ ३ ३). तिसऱ्यांदा (१ २ ३ ३ ३). फंक्शनला बाहेरून काहीच दिलेलं नाही, कुठलं व्हेरिएबल जपून ठेवलेलं नाही, तरी त्याला मागचं आठवतंय.

कारण '(१ २) म्हणजे 'दर वेळी नवी यादी कर' अशी आज्ञा नव्हेच. प्रोग्राम वाचला जातो तेव्हा ती यादी मेमरीत एकदाच तयार होते आणि फंक्शनच्या मजकुराचाच भाग बनते. यादी म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पेट्यांची साखळी: प्रत्येक पेटीत एक घटक आणि पुढच्या पेटीचा पत्ता. एनकॉन्क शेवटच्या पेटीतला पत्ता जागच्या जागी बदलतं. झेरॉक्स न काढता मूळ कोऱ्या फॉर्मवरच लिहावं, तसं. ईमॅक्स या लिस्प चालवणाऱ्या एडिटरमध्ये असं फंक्शन कम्पाइल न करता, म्हणजे यंत्राला सोप्या रूपात आधी न बदलता, चालवा आणि नंतर त्याची व्याख्या छापून पाहा. तुम्ही न लिहिलेले ३ तिथे ओळीने उभे असतात!

कॉमन लिस्प या लिस्पच्या प्रमाणित बोलीच्या १९९४ च्या मानकानुसार अशी यादी बदलली तर काय होईल याची हमी नाही. यादी वाढेल, चूक दाखवली जाईल, किंवा कम्पायलरने तीच यादी दुसरीकडेही वापरली असेल तर तिकडचं काहीतरी बिघडेल. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण दोष शोधायला माणूस भलतीकडेच जातो.

उपाय सोपा आहे: (लिस्ट १ २) लिहा, दर वेळी नव्या पेट्या बनतात. याद्या जोडणारं 'अपेंड' हे फंक्शनही चालतं, पण तेही दिलेल्यांपैकी शेवटच्या यादीची नक्कल करत नाही, तीच जोडून देतं. तेवढं लक्षात ठेवायचं.

मग प्रोग्राम आणि माहिती वेगळ्याच का ठेवू नयेत? कारण लिस्पची खरी ताकदही तिथेच आहे. मॅक्रो म्हणजे प्रोग्रामचा तुकडा यादी म्हणून घेऊन त्याचा नवा तुकडा करून देणारं फंक्शन. त्याच्या जोरावर भाषेत नसलेली रचना प्रोग्रामर स्वतः घालू शकतो. माझ्या मते रिच हिकी यांनी २००७ मध्ये आणलेल्या क्लोजर या लिस्पच्या बोलीने बरोबर जागी कात्री लावली. तिथे प्रोग्राम याद्यांचाच राहिला, मॅक्रो राहिले, पण यादी एकदा झाली की बदलता येत नाही. काही जोडलं की नवी यादी मिळते. कॉमन लिस्पमध्ये बदलण्याची मुभा अजून आहे, पण एसबीसीएलसारखा तिचा कम्पायलर अशी ओळ दिसली की आधीच हटकतो.